संपादक : व्यावसायिक शिक्षण व पात्रता

लेखकाने लिहिलेला मजकूर वाचकाच्या हाती जाण्यापूर्वी तो पारखणे, त्यातील भाषेचे व माहितीचे दोष काढणे, त्याची मांडणी व विस्तार निश्चित करणे आणि मुद्रणप्रत सिद्ध करून अखेरच्या मुद्रितापर्यंत तिची जबाबदारी वाहणे, हे काम उपजीविकेचे साधन म्हणून करणाऱ्या व्यक्तीस व्यावसायिक संपादक म्हणतात. मराठीत ‘संपादक’ हा एकच शब्द वृत्तपत्राचा चालक, जुन्या पोथीची संहिता निश्चित करणारा पंडित, कोशाचा प्रमुख आणि प्रकाशनसंस्थेत हस्तलिखित तपासणारा नोकर या चौघांनाही लावला जातो. या चौघांची विद्या पुष्कळ अंशी एक असली, तरी ती मिळवण्याचे मार्ग वेगळे होते व आहेत. वैद्य, वकील किंवा स्थापत्यविशारद यांना परवान्यावाचून आपला व्यवसाय करता येत नाही. संपादकाला असा परवाना बहुतेक देशांत लागत नाही. त्यामुळे त्याची पात्रता कोणी ठरवावी आणि ती त्याने कोठे कमवावी, हा प्रश्न या व्यवसायाच्या इतिहासात सतत उपस्थित झालेला दिसतो. सुमारे चार शतके त्याचे उत्तर छापखान्याने दिले. छापखान्यातील उमेदवारी संपुष्टात आली, तेव्हा काही देशांत संपादकांनी स्वतःच संघटित होऊन परीक्षा निर्माण केल्या. मराठीत उमेदवारी संपली, पण तिची जागा घेणारी व्यवस्था उभी राहिली नाही.

मुद्रणपूर्व काळ : हस्तलिखितांच्या युगात लेखनिक आणि संपादक यांच्यातील भेद जबाबदारीचा होता. आपल्याकडील पोथ्यांच्या अखेरीस नकलकार बहुधा असे नोंदवून ठेवतो, की समोरच्या प्रतीत आढळले तेच आपण उतरले असून शुद्धाशुद्धाचा दोष आपल्या माथी येऊ नये. संपादकाला अशी सुटका नसते. मराठीत ही जबाबदारी जाणूनबुजून पत्करल्याचे पहिले ठळक उदाहरण एकनाथांचे आहे. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रती मिळवून पाठभेदांनी भ्रष्ट झालेली संहिता शुद्ध केली, त्या कार्याची नोंद ग्रंथाच्या शेवटी स्वतः केली आणि पुढील काळात कोणी पदरच्या ओव्या तीत घालू नयेत असे बजावले. प्रती जमवणे, त्या ताडून पाहणे, निर्णय घेणे आणि तो आपल्या नावाने जाहीर करणे, ही संपादनाची चारही अंगे येथे दिसतात. ही पात्रता एकनाथांनी मिळवली ती गुरुगृही, जनार्दनस्वामींजवळ झालेल्या अध्ययनातून. तिच्यासाठी वेगळी शाळा नव्हती.

यूरोपातील छापखाने : पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोपात मुद्रणाचा प्रसार झाला आणि एक चूक एकाच वेळी शेकडो प्रतींत जाऊ लागली. त्यामुळे ‘शोधक’ हा पगारी अधिकारी मोठ्या छापखान्यांत आवश्यक ठरला. व्हेनिस येथील आल्डस मानुशियस व बाझेल येथील योहान फ्रोबेन यांच्या छापखान्यांत इरॅस्मससारख्या विद्वानांनीही ग्रंथसिद्धतेचे काम केले. परंतु व्यवसायाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद चरित्र आहे ते अँटवर्प येथील क्रिस्तॉफ प्लांतँ याच्या छापखान्यातील कॉर्नेलिस किलियान याचे. तो १५५८ मध्ये तेथे जुळारी म्हणून लागला, काही वर्षांनी शोधक झाला आणि १६०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच छापखान्यात राहिला. खिळे जुळवता जुळवता आलेल्या भाषाज्ञानातून त्याने डच भाषेचा कोश सिद्ध केला, त्याची १५९९ ची आवृत्ती आजही भाषाशास्त्रज्ञांच्या उपयोगी पडते. जुळारी, शोधक आणि मग ग्रंथकर्ता हा क्रम पुढे अनेक देशांत पुन्हा पुन्हा आढळतो.

या कामाचे पहिले पाठ्यपुस्तकही अशाच एका उमेदवाराने लिहिले. वैद्यकाचे शिक्षण घेत असताना लाइपसिक येथे शोधकाचे काम करणाऱ्या हिएरोनिमस होर्नशूख याने १६०८ मध्ये ऑर्थोटायपोग्राफिया हे लहानसे लॅटिन पुस्तक प्रसिद्ध केले. मुद्रितातील चुका दाखवण्याच्या खुणा त्यात दिल्या असून, त्यातील उपदेश शोधकांइतकाच वाईट हस्तलिखिते पाठवणाऱ्या लेखकांनाही उद्देशून आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ मॉक्सन याने १६८३–८४ मध्ये मुद्रणकलेवरील आपल्या ग्रंथात शोधकाच्या अंगी काय असावे, याची यादी दिली. लॅटिन, ग्रीक, हिब्रू यांसह डझनभर भाषा, शब्दांच्या व्युत्पत्तीची जाण, विरामचिन्हांचे ज्ञान आणि चूक चटकन टिपणारी दृष्टी, असे तिचे स्वरूप आहे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये इतक्या भाषा जाणणारा मनुष्य शोधकाच्या वेतनावर राहिला असता की काय, याची शंका वाटते. तथापि पात्रता लेखी स्वरूपात सांगण्याचा हा आरंभीचा प्रयत्न आहे, हे त्याचे महत्त्व.

मराठी मुद्रणातील उमेदवारी : महाराष्ट्रात संपादनाचा आरंभ शाळा व छापखाना यांच्या सांध्यावर झाला. दर्पण (१८३२) या पहिल्या मराठी वृत्तपत्राचे संपादक बाळशास्त्री जांभेकर हे एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक होते, आणि १८४५ मध्ये ज्ञानेश्वरीची पहिली शिळामुद्रित प्रत त्यांनीच सिद्ध केली. वृत्तपत्र, पाठ्यपुस्तक व प्राचीन संहिता ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीकडे येण्याचा तो काळ होता, कारण ती करू शकणारी माणसे मोजकी होती.

श्रमविभागणी प्रथम दिसते ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात. त्याचे संस्थापक जावजी दादाजी (१८३९–९२) लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात मजुरीवर लागले होते. १८६४ मध्ये त्यांनी खिळ्यांचा कारखाना व १८६९ मध्ये छापखाना काढला. निर्णयसागरची देवनागरी अक्षरे देशभर नावाजली, परंतु या संस्थेची प्रतिष्ठा केवळ सुबक खिळ्यांमुळे झाली नाही. संस्कृत ग्रंथांची मुद्रिते तपासण्यासाठी जावजींनी शास्त्री पदरी ठेवले. काशीनाथ पांडुरंग परब व वासुदेवशास्त्री पणशीकर यांची नावे तेथून निघालेल्या असंख्य ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर संशोधक म्हणून आढळतात. १८८६ पासून निघालेल्या ‘काव्यमाला’ या नियतकालिकाच्या संपादनात जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद यांच्या जोडीला परब होते. हे शास्त्री पाठशाळांतून व्याकरण, काव्य व न्याय शिकून येत, मात्र संधिनियमाप्रमाणे शब्द कोठे तोडावा, जोडाक्षर दोन ओळींत विभागले जाणार नाही याची काळजी कशी घ्यावी, ओळ लांबली तर काय करावे, हे त्यांना कोणत्याही पाठशाळेत शिकवले गेले नव्हते. ते ज्ञान छापखान्यात, जुळाऱ्याच्या शेजारी बसून मिळे. उलट ऱ्हस्वदीर्घाचे व संधीचे पुष्कळसे ज्ञान जुळाऱ्यांनाही शास्त्र्यांच्या सहवासाने येई. पुण्यामुंबईच्या जुन्या छापखान्यांत संस्कृत न शिकताही संस्कृतातली चूक दाखवणारे जुळारी असत, ही आठवण त्या व्यवसायातील वृद्ध मंडळी सांगत.

संहिता-संपादनाची शाळा : पाठचिकित्सा हे संपादनाचे असे अंग आहे, की ज्याचे शास्त्र प्रथम बनले आणि म्हणून ज्याचे शिक्षण सर्वांत आधी पद्धतशीर झाले. शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी सरकारी साहाय्याने सिद्ध केलेली तुकारामांच्या गाथेची दोन खंडांतील आवृत्ती (१८६९–७३) हा मराठीतील या पद्धतीचा पहिला मोठा प्रयोग होय. अनेक प्रती मिळवून, त्या ताडून संहिता ठरवण्याची जी रीत मुंबई इलाख्यातील संस्कृत ग्रंथमालेत रूढ होत होती, ती या आवृत्तीने संतवाङ्मयाला लागू केली. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने (पहिला खंड १८९८) या मालेतून ऐतिहासिक कागदपत्रांच्या संपादनाची शिस्त घालून दिली. राजवाडे एकटे काम करणारे होते. त्यांच्या प्रस्तावना वाचून अनेक जण संपादक झाले, पण हाताखाली बसवून शिष्य तयार करणे त्यांच्या स्वभावात नव्हते, असे म्हणावे लागते.

ते काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने (स्थापना १९१७) केले. १९१९ मध्ये तेथे महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य हाती घेण्यात आले. ना. बा. उतगीकर यांनी १९२३ मध्ये विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती काढून ती विद्वानांच्या अभिप्रायार्थ पाठवली. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखठणकर (१८८७–१९४३) प्रमुख संपादक झाले. त्यांचे शिक्षण येथे लक्षात घेण्याजोगे आहे. केंब्रिज येथे त्यांनी गणिताचा अभ्यास केला, नंतर बर्लिन येथे हाइन्रिख ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत व भाषाशास्त्र शिकले, आणि परत आल्यावर पुरातत्त्व खात्यात शिलालेखांचे वाचन केले. गणित्याची शिस्त, जर्मन पाठचिकित्सा आणि पुरालेखांशी परिचय ही तिहेरी तयारी त्यांच्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत (१९३३) पानोपानी दिसते. ती प्रस्तावना भारतीय पाठचिकित्सेचे अघोषित पाठ्यपुस्तक ठरली.

तथापि सुखठणकरांसारखा एक संपादक मिळाल्याने अठरा पर्वांचे काम झाले नसते. मंदिरात शास्त्री व पदवीधर यांचा एक कायम वर्ग खास शिकवून तयार करण्यात आला होता. आखलेल्या कागदावर प्रमाण मानलेला श्लोक वर लिहावयाचा, आणि एकेक पोथी घेऊन तिच्यातील भिन्न अक्षर नेमक्या रकान्यात उतरावयाचे, ही त्यांची रोजची कामगिरी. शारदा, नेवारी, बंगाली, ग्रंथ, तेलुगू, मलयाळम् अशा लिप्यांतील पोथ्या वाचण्याची सोय पुण्यात एकत्र होणे कठीण होते, म्हणून शांतिनिकेतनात विश्वभारती येथे व तंजावर येथे सरस्वती महाल ग्रंथालयातही ताडणीची केंद्रे चालवण्यात आली. शास्त्र्याजवळ श्लोकाचा अर्थ लावण्याचे सामर्थ्य होते, पण नेमके तेच येथे आवरावे लागे, कारण पोथीत जे अक्षर आहे तेच उतरावयाचे, असावयास हवे होते ते नव्हे. सुधारण्याचा मोह आवरण्याची ही सवय कोणत्याही संपादकाच्या शिक्षणात सर्वांत अवघड असते. मंदिरात ती वर्षानुवर्षांच्या एकसुरी कामाने अंगी बाणवली जात असे. एकूण १,२५९ हस्तलिखितांच्या आधाराने सिद्ध झालेली ही आवृत्ती श्री. कृ. बेलवलकर व प. ल. वैद्य यांच्या कारकीर्दीनंतर २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन् यांच्या हस्ते पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. दरम्यान सु. मं. कत्रे यांनी १९४१ मध्ये भारतीय पाठचिकित्सेवर इंग्रजीत एक प्रवेशिका लिहिली, आणि विद्यापीठांतून हा विषय शिकवण्याची वाट मोकळी झाली. आज संस्कृत व मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत पाठचिकित्सा आढळते, पण बहुतेक ठिकाणी ती प्रत्यक्ष पोथी हाती न देता शिकवली जाते.

कोशकार्यालये : संपादक घडवणारी दुसरी मोठी शाळा म्हणजे कोशांची कार्यालये. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्ययन करून आलेले श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश तडीस नेला. त्यासाठी लागणारी प्रशिक्षित माणसे मराठीत नव्हती, ती केतकरांनी कामावरच तयार केली. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे हे या कार्यालयातून बाहेर पडलेले दोन संपादक. त्यांनी पुढे स्वतः महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–३८, पुरवणी विभाग १९५०) सिद्ध केला. एका कोशाने दुसऱ्या कोशाचे संपादक घडवले, हे ज्ञानकोशाचे एक अनुषंगिक पण टिकाऊ फळ होय. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाच्या वतीने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाई येथे मराठी विश्वकोशाचे कार्यालय उभारले, तेथेही हीच गोष्ट वेगळ्या प्रमाणावर घडली. नोंदी बाहेरच्या तज्ञांनी लिहावयाच्या आणि विषयवार नेमलेल्या संपादकीय सहायकांनी त्यांना आकार, प्रमाण व एकरूपता द्यावयाची, अशी ही विभागणी होती. लेखकाचे मत न बदलता त्याचे वाक्य बदलणे, दोन तज्ञांनी एकाच संज्ञेसाठी वापरलेले दोन शब्द एकावर आणणे, दहा पानांच्या नोंदीतून सहा पाने ठेवणे, हे तेथील प्रशिक्षण होते. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये व विसावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. या चार दशकांत ज्यांनी तेथे उमेदवारी केली, त्यांतील अनेकांचा विषय विज्ञान वा समाजशास्त्र होता, भाषा नव्हता, ही गोष्ट भाषेची पदवी हीच संपादनाची पात्रता मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

वृत्तपत्रसंपादक व कायदा : वृत्तपत्रांच्या बाबतीत राज्यसंस्थेने संपादकाला नाव दिले, पण शिक्षण मागितले नाही. १८६७ च्या मुद्रणालये व ग्रंथनोंदणी अधिनियमात १९२२ च्या सुधारणेने संपादकाची व्याख्या आली : वृत्तपत्रात काय प्रसिद्ध करावे याच्या निवडीवर ज्याचे नियंत्रण, तो संपादक. सज्ञान असणे व सामान्यतः भारतात वास्तव्य असणे एवढ्याच अटी त्याला होत्या. १ मार्च २०२४ पासून अंमलात आलेल्या नियतकालिक नोंदणी अधिनियमानेही (२०२३) शैक्षणिक पात्रता घातलेली नाही. कायद्याला संपादक हवा असतो तो प्रामुख्याने खटला भरण्यासाठी, हे टिळकांच्या काळापासून मराठी वाचकाला ठाऊक आहे. १९५५ च्या श्रमिक पत्रकारविषयक अधिनियमाने मुद्रितशोधकाचाही समावेश पत्रकारांत केला. मात्र हे संरक्षण वृत्तपत्राच्या मुद्रितशोधकास मिळाले, पुस्तकाच्या छापखान्यातील त्याच्या भावंडास नव्हे.

पत्रकारितेचे औपचारिक शिक्षण अमेरिकेत मिसूरी (१९०८) व कोलंबिया (१९१२) या विद्यापीठांत सुरू झाले. भारतात लाहोरच्या पंजाब विद्यापीठाचा १९४१ चा अभ्यासक्रम, नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील १९५२ चा व पुणे विद्यापीठाने रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ मध्ये सुरू केलेला विभाग हे त्यातील टप्पे होत. या अभ्यासक्रमांत उपसंपादनास स्थान आहे, पण त्यांचा रोख वार्ता मिळवण्यावर व लिहिण्यावर राहिला, आणि ग्रंथसंपादनाशी त्यांचा संबंध दूरचाच आहे.

प्रकाशनसंस्था व संपादनाचे नियम : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या विद्यापीठीय मुद्रणालयांनी आपल्या जुळाऱ्यांसाठी व शोधकांसाठी लेखी नियम केले. ऑक्सफर्डचे मुद्रक होरस हार्ट यांची नियमावली १८९३ मध्ये अंतर्गत वापरासाठी निघाली, १९०४ मध्ये ती सर्वांसाठी विक्रीस आली. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची नियमपुस्तिका १९०६ मध्ये प्रसिद्ध झाली. केंब्रिज येथे ज्यूडिथ बुचर यांनी १९७५ मध्ये मुद्रणप्रत-संपादनावर लिहिलेला ग्रंथ इंग्रजी जगतात या कामाचे प्रमाण पाठ्यपुस्तक झाला. या पुस्तकांमुळे छापखान्याच्या भिंतीआड राहिलेले ज्ञान बाहेरच्या माणसाला विकत घेता येऊ लागले. संस्थेत नोकरी नसतानाही संपादक होण्याची शक्यता येथून निर्माण होते. अमेरिकेत १९४७ मध्ये रॅडक्लिफ महाविद्यालयात प्रकाशनव्यवसायाचा उन्हाळी अभ्यासक्रम सुरू झाला (२००१ पासून तो कोलंबिया विद्यापीठात आहे). पण तो व्यवसायाची ओळख करून देणारा होता, संपादनाची परीक्षा घेणारा नव्हता. विसाव्या शतकातील सर्वांत ख्यातनाम अमेरिकन ग्रंथसंपादक मॅक्सवेल पर्किन्स हा अर्थशास्त्राचा पदवीधर, काही काळ वार्ताहर आणि नंतर स्क्रिब्नर या प्रकाशनसंस्थेच्या जाहिरात विभागातील नोकर होता. तेथूनच तो संपादनाकडे वळला.

संघटना व प्रमाणपत्रे : विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत इंग्रजी जगतातील प्रकाशनसंस्थांनी खर्च कमी करण्यासाठी पगारी संपादक व शोधक कमी केले आणि ती कामे घरी बसून करणाऱ्यांकडे सोपवली. या बदलाने दोन अडचणी एकदम निर्माण झाल्या. नवशिक्याला ज्याच्या शेजारी बसून शिकावयाचे तो अनुभवी माणूस कार्यालयात राहिला नाही, आणि काम देणाऱ्याला न पाहिलेल्या माणसाची योग्यता कशी ओळखावी हे कळेना. प्रमाणपत्रांचा उगम या अडचणीत आहे. कॅनडात १९७९ मध्ये स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या संपादकांची संघटना स्थापन झाली. तिने १९९१ मध्ये संपादनाची व्यावसायिक प्रमाणके लेखी स्वरूपात प्रसिद्ध केली आणि २००६ मध्ये प्रमाणपत्र-परीक्षा सुरू केली. मुद्रितशोधन, मुद्रणप्रत-संपादन, शैलीविषयक संपादन व रचनाविषयक संपादन अशा तिच्या चार शाखा. चारही उत्तीर्ण होणाऱ्यास पूर्ण व्यावसायिक संपादकाचा दर्जा मिळतो. ऑस्ट्रेलियात २००१ मध्ये प्रमाणके ठरली, २००८ मध्ये राष्ट्रीय संस्था स्थापन होऊन पहिली मान्यता-परीक्षा झाली. ही मान्यता कायमची नसून ठराविक मुदतीने तिचे नूतनीकरण करावे लागते. ब्रिटनमध्ये १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेने परीक्षेऐवजी प्रशिक्षण व प्रत्यक्ष कामाचे तास यांवर सदस्यत्वाच्या पायऱ्या बसवल्या. २०२० मध्ये तिला राजसनदप्राप्त संस्थेचा दर्जा मिळाला. जीवविज्ञानांच्या संपादकांसाठी अमेरिकेत १९९१ मध्ये वेगळे मंडळ निघाले. त्याच्या परीक्षेस बसण्यासाठी पदवी व संपादनाचा पूर्वानुभव दोन्ही अपेक्षित असतात.

या परीक्षांचे एक वैशिष्ट्य असे, की विद्यापीठीय पदवीला त्यांत फारसे महत्त्व नाही. उमेदवारापुढे मजकूर ठेवावयाचा आणि तो काय करतो ते पाहावयाचे, ही छापखान्यातील जुनी रीतच त्यांनी लेखी स्वरूपात आणली. मर्यादाही तीच. चुकीचे विरामचिन्ह हेरले की नाही हे मोजता येते. एखादे प्रकरण ग्रंथातून वगळण्याचा सल्ला योग्य होता की नाही, हे कळण्यास ग्रंथ प्रसिद्ध होऊन वाचकांच्या हाती जावा लागतो. म्हणूनच मुद्रितशोधनाच्या परीक्षेबद्दल मतभेद कमी आणि रचनाविषयक संपादनाच्या परीक्षेबद्दल अधिक आढळतात.

मराठीतील स्थिती : स्वातंत्र्योत्तर काळात मराठी ग्रंथसंपादनाचा मानदंड मौज प्रकाशन गृह व त्याचे सत्यकथा मासिक यांनी निर्माण केला. श्री. पु. भागवत (१९२३–२००७) व राम पटवर्धन (१९२८–२०१४) यांनी लेखकांशी केलेला सविस्तर पत्रव्यवहार, एकेका कथेची पुनःपुन्हा करून घेतलेली लेखने आणि मुद्रिताकडे दिलेले लक्ष यांविषयी त्या पिढीतील बहुतेक लेखकांनी लिहिले आहे. संस्थेचा स्वतःचा छापखाना असल्याने संपादक, शोधक व जुळारी एकाच छपराखाली होते. निर्णयसागरची परंपरा या अर्थाने तेथे चालू होती. सत्यकथा १९८२ मध्ये बंद पडले. शुद्धलेखनापुरता सर्वमान्य आधार याच काळात तयार झाला. मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले चौदा नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. हे नियम पाठ असणे हीच संपादनाची पात्रता, असा समज पुढे बळावला. वस्तुतः नियमांत न बसणारे शब्द आढळले की काय करावयाचे, येथूनच संपादकाचे काम सुरू होते.

१९८० नंतरच्या दोन दशकांत खिळ्यांची जुळणी जाऊन संगणकावरील अक्षरजुळणी आली. छापखान्यातील मुद्रितशोधकाची जागा बहुतेक ठिकाणी भरली गेली नाही. जुळारी हा व्यवसायच उरला नाही. संपादनाच्या शिडीची खालची पायरी अशा रीतीने निघून गेली. लेखक स्वतःच मजकूर टंकित करून पाठवू लागल्याने ‘हस्तलिखित’ शुद्ध दिसू लागले आणि संपादकाची गरज नाही असा भास झाला. ज्या काळात इंग्रजी जगतात संपादकांच्या संघटना निघाल्या, तोच हा काळ. मराठीत लेखकांच्या, प्रकाशकांच्या, ग्रंथविक्रेत्यांच्या व ग्रंथालयांच्या संस्था आहेत. संपादकांची प्रमाणके ठरवणारी व परीक्षा घेणारी संस्था मात्र नाही. याचे एक कारण आर्थिक आहे. हजार-पाचशे प्रतींच्या आवृत्तीत संपादकाच्या मोबदल्यास वेगळी जागा काढणे प्रकाशकास जड जाते, आणि मोबदला नसलेल्या कामाचे प्रमाणपत्र कोणी मागत नाही.

भारतात अन्यत्र नॅशनल बुक ट्रस्ट (स्थापना १९५७) प्रकाशनविषयक अल्पमुदतीचे वर्ग चालवीत आले आहे. कोलकात्यात जादवपूर विद्यापीठात संपादन व प्रकाशन यांचा पदविका-अभ्यासक्रम निघाला, आणि २०१२ मध्ये सीगल या प्रकाशनसंस्थेने स्वतःची प्रकाशनशाळा सुरू केली. हे शिक्षण मुख्यतः इंग्रजीच्या अंगाने चालते. महाराष्ट्रातील विद्यापीठांत गेल्या काही दशकांत मुद्रितशोधन व संपादन हे विषय मराठीच्या कौशल्याधारित अभ्यासपत्रिकांत आले आहेत. त्यांतून खुणा, नियम व परिभाषा यांचा परिचय होतो. एक संपूर्ण हस्तलिखित हाती घेऊन लेखकाशी वाद घालत ते छापील पुस्तकापर्यंत नेण्याचा अनुभव वर्गात देता येत नाही, आणि उमेदवार ठेवून घेण्याइतके मनुष्यबळ थोड्याच प्रकाशनसंस्थांकडे आहे. त्यामुळे मराठी प्रकाशनसंस्थेत या कामासाठी येणाऱ्याची पारख आजही बहुधा एकाच रीतीने होते : न तपासलेल्या हस्तलिखिताची आठ-दहा पाने त्याच्यापुढे ठेवली जातात, आणि त्याने काय बदलले याबरोबरच काय न बदलता तसेच ठेवले, हेही पाहिले जाते.